ब्रशलेस मोटरचा ड्रायव्हर चालता चालता अचानक बंद पडतो : नेमके कारण कसे शोधावे?

प्रश्न

नमस्कार. २४ व्होल्टवर चालणाऱ्या सुमारे २५० वॅटच्या ब्रशलेस मोटरसाठी मी तीन फेजचा ड्रायव्हर बनवला आहे. गेले तीन आठवडे तो अधूनमधून अचानक बंद पडत असल्यामुळे पुढचे सगळे काम अडले आहे. सर्किटची माहिती सविस्तर देतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना अंदाज बांधावे लागणार नाहीत.

ब्रिजमध्ये, म्हणजे मोटरच्या तीन फेजना वीज देणाऱ्या स्विचांच्या जोडणीत, ६० व्होल्टचे सहा एन-चॅनेल मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) आहेत. त्यांचा चालू अवस्थेतला रोध ४ मिलिओहम असून गेट चार्ज, म्हणजे तो चालू करण्यासाठी त्याच्या नियंत्रक टोकाला (गेटला) द्यावा लागणारा विद्युतभार, सुमारे ८० नॅनोकूलंब आहे. गेट ड्रायव्हर आयसीला १२ व्होल्टचा पुरवठा आहे आणि वरच्या बाजूच्या मॉसफेटसाठी प्रत्येकी १०० नॅनोफॅरडचा बूटस्ट्रॅप कपॅसिटर (गेटला चार्ज पुरवणारा) लावला आहे. आयसी मॉसफेटच्या ड्रेन आणि सोर्स या करंट वाहणाऱ्या दोन टोकांमधले व्होल्टेज पाहून जादा करंट ओळखतो, आणि ती मर्यादा मी ०.१५ व्होल्ट ठेवली आहे. प्रत्येक मॉसफेटच्या गेट व सोर्समध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर आहे. पीडब्ल्यूएम (स्विच झपाट्याने चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज ठरवण्याची पद्धत) २० किलोहर्ट्झचा व पूरक पद्धतीचा, म्हणजे वरचा मॉसफेट बंद असताना खालचा चालू होणारा आहे, आणि डेड टाइम, म्हणजे दोन्ही बंद ठेवण्याचा मधला काळ, ५०० नॅनोसेकंद आहे. मोटरला ध्रुवांच्या चार जोड्या आहेत, कमाल वेग मिनिटाला ३००० फेरे आहे, आणि कम्युटेशन, म्हणजे करंट एका फेजवरून दुसऱ्या फेजवर नेणे, रोटरची जागा सांगणाऱ्या हॉल सेन्सरवरून सहा टप्प्यांत होते. पुरवठा २४ व्होल्टच्या एसएमपीएसमधून (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायमधून) येतो आणि बोर्डवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे.

मोटर भाराविना तासन्‌तास चालते. भार लावून वेग पूर्ण वाढवला की मात्र काही सेकंदांत थांबते. तेव्हा आयसीची बिघाड कळवणारी फॉल्ट पिन खाली जाते आणि आयसी चालू ठेवणारी एनेबल पिन बंद-चालू केल्याशिवाय मोटर पुन्हा सुरू होत नाही. मात्र प्रत्येक वेळी असेच होते असे नाही. वेग झटकन कमी केल्यावर दोन-तीनदा संपूर्ण बोर्डच विझला, अगदी पॉवरचा दिवासुद्धा. शिवाय एकदा-दोनदा मध्यम भारावर, फॉल्ट पिन वर असतानाच, मोटर गुपचूप थांबली. मॉसफेट बदलून पाहिले, गेट ड्रायव्हर आयसीही बदलला, पण फरक पडला नाही. शंट रेझिस्टरवर मोजलेला करंट १८ अँपिअरच्या वर गेलेला मला एकदाही दिसला नाही. मग जादा करंटचे संरक्षण कशामुळे लागत असेल?

उत्तर १

आपण माहिती नीट दिली आहे, त्यामुळे एक गोष्ट लगेच लक्षात येते. आपण ज्याला एकच बिघाड समजत आहात ते बहुधा तीन वेगवेगळे बिघाड आहेत, आणि शेवटी तिन्हींत मोटरच थांबत असल्यामुळे ते एकमेकांत मिसळले आहेत. मोटर बंद करण्याची ताकद या सर्किटमध्ये तिघांकडे आहे : गेट ड्रायव्हर आयसी, मायक्रोकंट्रोलरमधला प्रोग्रॅम आणि वीजपुरवठा. त्यामुळे सुटे भाग बदलण्याआधी, प्रत्येक वेळी यांपैकी कोणी मोटर बंद केली हे लिहून ठेवण्याची व्यवस्था करा.

त्यासाठी मायक्रोकंट्रोलर सुरू होताना रीसेटचे कारण दाखवणारा रजिस्टर वाचून जपून ठेवावा. ब्राउन-आउट (पुरवठा खाली जाणे), वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकणे) आणि नेहमीचे पॉवर-ऑन यांतला फरक तिथे स्पष्ट कळतो. फॉल्ट पिन खाली गेली की त्या क्षणाची ड्युटी (पीडब्ल्यूएममध्ये स्विच चालू असण्याचे टक्केवारीतले प्रमाण), वेग, हॉलची अवस्था, बसचे (ब्रिजला येणाऱ्या मुख्य पुरवठ्याचे) व्होल्टेज आणि आयसीचे स्टेटस रजिस्टर साठवावे, आणि हे सारे एनेबल पिन हलवण्याच्या आधी करावे, कारण बऱ्याच आयसींमध्ये एनेबल खाली नेताच फॉल्टची नोंद पुसली जाते. प्रोग्रॅममध्ये मोटर थांबवणाऱ्या जितक्या जागा आहेत, त्या प्रत्येकीला वेगळा क्रमांक द्यावा. तिसऱ्या प्रकारात फॉल्ट पिन वर राहते, म्हणजे तिथे मोटर आपल्याच प्रोग्रॅमने थांबवली असण्याची शक्यता मला सर्वाधिक वाटते.

यानंतर ऑसिलोस्कोप फॉल्ट पिनच्या उतरत्या कडेवर सिंगल ट्रिगरला लावावा आणि ट्रिगरच्या आधीचा भाग पडद्याचा ऐंशी टक्के ठेवावा, कारण बिघाडाचे मूळ आधी घडलेले असते आणि पिन नंतर हलते. बसचे व्होल्टेज, १२ व्होल्टचा गेट पुरवठा आणि बिघाड दाखवणाऱ्या फेजचा नोड (वरच्या आणि खालच्या मॉसफेटमधला बिंदू) एकत्र पाहावेत. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. साध्या प्रोबची ग्राउंड क्लिप फेज नोडला कधीही लावू नये, कारण ती आतून अर्थिंगला जोडलेली असते, आणि पुरवठ्याची ऋण बाजू अर्थ केलेली असेल तर तो नोड तिथेच शॉर्ट होतो. वरच्या गेटचे व्होल्टेज पाहायचे असेल तर डिफरन्शियल प्रोब वापरावा किंवा दोन चॅनेलची वजाबाकी घ्यावी.

उत्तर २

मला हा प्रश्न तितका गुंतागुंतीचा वाटत नाही. ०.१५ व्होल्ट ही मर्यादा फारच कमी आहे. मॉसफेट थंड असताना ४ मिलिओहमच्या हिशेबाने ती ३७ अँपिअरच्या आसपास येते, पण तापल्यावर रोध दीडपटीहून अधिक होतो, आणि मग हीच मर्यादा २३-२४ अँपिअरवर लागते. आपण ती सर्वांत वरच्या पायरीवर नेऊन पाहा, किंवा निदान होईपर्यंत हे संरक्षण पूर्ण बंद ठेवा. मोटर चालत राहिली तर कारण सापडलेच म्हणून समजा.

उत्तर ३

तापमानाबद्दलचा हिशेब बरोबर आहे आणि मर्यादा थोडी वाढवावी लागेल हेही मला मान्य आहे. मात्र संरक्षण बंद करून चाचणी घेण्याच्या सल्ल्याशी मी अजिबात सहमत नाही. ब्रिजच्या एका पायात, म्हणजे एकाच फेजच्या जोडीत, वरचा आणि खालचा मॉसफेट एकदम चालू झाले तर ते काही मायक्रोसेकंदांपलीकडे टिकत नाहीत, आणि प्रोग्रॅमला किंवा फ्यूजला तेवढ्या वेळात काहीही करता येत नाही. शिवाय मोटर त्या अवस्थेत चालत राहिली तरी संरक्षण का लागत होते हे कळणार नाही ते नाहीच.

माझ्या मते खरे कारण बूटस्ट्रॅपमध्ये आहे, आणि ते आपल्या दिलेल्या आकड्यांतच दिसते. वरच्या मॉसफेटचे गेट चालू ठेवण्यासाठी लागणारा चार्ज बूटस्ट्रॅप कपॅसिटरमधून येतो, आणि तो कपॅसिटर फेज नोड खाली असतानाच भरतो. ड्युटी १०० टक्के झाली की नोड खाली येतच नाही. पूर्ण ड्युटीवर वरचा मॉसफेट विद्युत फेऱ्याचे १२० अंश सलग चालू असतो. आपल्या मोटरच्या चार जोड्यांच्या हिशेबाने ३००० फेऱ्यांना विद्युत वारंवारता २०० हर्ट्झ येते, म्हणजे एक फेरा ५ मिलिसेकंदांचा, आणि १२० अंश म्हणजे जवळजवळ १.७ मिलिसेकंद.

आता तो १० किलोओहमचा रेझिस्टर पाहा. वरचे गेट चालू असताना तो बूटस्ट्रॅप कपॅसिटरलाच समांतर येतो. १०० नॅनोफॅरड आणि १० किलोओहम यांचा टाइम कॉन्स्टंट १ मिलिसेकंद आहे. डायोडमधली घट आणि गेट भरताना गेलेला चार्ज वजा केल्यावर कपॅसिटरवर सुमारे १० व्होल्ट उरतात, आणि तिथून ८ व्होल्टपर्यंत, म्हणजे ज्याखाली अशा आयसी गेट बंद करतात त्या अंडरव्होल्टेज मर्यादेच्या आसपास, यायला पाव मिलिसेकंदही लागत नाही. आपल्याला मात्र तो १.७ मिलिसेकंद टिकवायचा आहे. भारामुळे वेग उतरला की हा काळ आणखी वाढतो : ६०० फेऱ्यांना तो ८ मिलिसेकंदांच्या वर जातो. म्हणूनच भाराविना तासन्‌तास चालणारी मोटर भाराखाली थांबते. भाराविना वेगनियंत्रक पूर्ण ड्युटीपर्यंत जातच नसणार.

करंट न वाढता जादा करंटची खूण का येते, हा आपला मूळ प्रश्न. बूटस्ट्रॅप ओसरला की वरचा मॉसफेट अर्धवट चालू राहतो किंवा आयसी त्याला आतून बंद करतो, पण इनपुटवर ‘चालू’ असाच हुकूम असतो. मग ड्रेन आणि सोर्समध्ये जवळजवळ बसचे सारे व्होल्टेज दिसते, आणि आयसी त्याचा अर्थ शॉर्टसर्किट असा लावतो. ड्रेन-सोर्सच्या पद्धतीत करंट प्रत्यक्ष मोजला जात नाही, तो व्होल्टेजवरून गृहीत धरला जातो. हे लक्षात ठेवले की अशा फॉल्टकडे पाहण्याची दृष्टीच बदलते.

हा दोष सहसा सुटून जातो याचे कारण असे की गेटच्या परिणामी कपॅसिटन्सच्या दहापट बूटस्ट्रॅप कपॅसिटर घ्यावा हा सर्वत्र सांगितला जाणारा आडाखा आपण पाळलेला आहे. ८० नॅनोकूलंब भागिले १० व्होल्ट म्हणजे ८ नॅनोफॅरड, आणि त्याच्या दहापटीहून १०० नॅनोफॅरड जास्तच आहे. पण तो आडाखा फक्त गेट भरण्यापुरता आहे, आणि मॉसफेट किती काळ सलग चालू राहणार हा विचार त्यात येत नाही.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकत्र करावेत. गेट-सोर्स रेझिस्टर १०० किलोओहमचा करा. बूटस्ट्रॅप कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा, एक्स७आर प्रकारचा आणि ५० व्होल्टचा घ्या, कारण कमी व्होल्टेजच्या सिरॅमिक कपॅसिटरची क्षमता डीसी दाबाखाली बरीच घटते. १२ व्होल्टच्या रेषेवरचा कपॅसिटरही त्याच्या कित्येक पट, निदान १० मायक्रोफॅरडचा असू द्या. आणि ड्युटीला ९५ टक्क्यांची कमाल मर्यादा घाला. ९८ टक्क्यांवर थांबून भागणार नाही : २० किलोहर्ट्झला २ टक्के म्हणजे अवघा १ मायक्रोसेकंद, आणि आपले दोन डेड टाइम मिळून तो पूर्ण खाऊन टाकतात, म्हणजे खालचा मॉसफेट चालूच होत नाही. मोटर जागच्या जागी अडली तर कितीही मोठा कपॅसिटर ओसरतोच, म्हणून मर्यादा टाळता येणार नाही. मोटर सुरू करण्यापूर्वी खालचे तिन्ही मॉसफेट काही मिलिसेकंद चालू ठेवून बूटस्ट्रॅप भरून घेण्याची सवयही लावावी, मात्र मोटर फिरत असताना हे करू नये, कारण तेव्हा तो ब्रेक ठरतो.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मी संरक्षण बंद केले नाही, आधी मोजणी केली. स्टेटस रजिस्टरमध्ये दर वेळी वरच्या बाजूचा जादा करंट अशीच नोंद मिळाली, बहुतेकदा बी फेजची, आणि त्या क्षणी ड्युटी १०० टक्के होती. दोन चॅनेलच्या वजाबाकीत बूटस्ट्रॅपचे व्होल्टेज साडेदहावरून आठच्या खाली उतरताना स्पष्ट दिसले, आणि पूर्ण ड्युटी लागल्यापासून त्याला लागलेला वेळ पाव मिलिसेकंदाच्या आसपासच होता. शंटवर त्या वेळी १६ अँपिअर होते. रेझिस्टर आणि कपॅसिटर बदलले, ड्युटी ९५ टक्क्यांवर थांबवली, आणि आता पूर्ण भारावर मोटर दोन तास न थांबता चालली. वेग कमी करताना बोर्ड विझणे मात्र तसेच आहे. त्यानंतर मुख्य स्विच बंद करून थोडे थांबल्याशिवाय पुरवठा परत येत नाही.

उत्तर ४

हे शेवटचे वाक्य फार उपयोगाचे आहे. मुख्य स्विच बंद केल्याशिवाय परत न येणे हे एसएमपीएसच्या ओव्हरव्होल्टेज लॅचचे (जादा व्होल्टेज आल्यावर बंद होऊन तसेच राहण्याचे) लक्षण आहे, म्हणजे या वेळी आपला बोर्ड बंद पडत नसून पुरवठा स्वतःला बंद करून घेत आहे.

पूरक पीडब्ल्यूएममध्ये ड्युटी झटकन कमी केली की मोटर जनित्र होते आणि ब्रिज बूस्ट कन्व्हर्टरसारखा (व्होल्टेज चढवणाऱ्या सर्किटसारखा) वागून ऊर्जा बसमध्ये परत ढकलतो. एसएमपीएस करंट फक्त देऊ शकतो, घेऊ शकत नाही, त्यामुळे ती सारी ऊर्जा आपल्या ४७० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर येते. रोटर आणि भार मिळून जडत्व २ गुणिले १० चा उणे चौथा घात किलोग्रॅम-चौरस मीटर इतके माफक धरले, तरी ३००० फेऱ्यांना त्यात जवळजवळ १० ज्यूल साठलेले असतात. त्यांतले काही वाइंडिंगमध्ये जळतात, तरी उरलेला वाटाही मोठा असतो. कपॅसिटरमध्ये २४ व्होल्टला ०.१४ ज्यूल असतात आणि ६० व्होल्टला ०.८५. याचा अर्थ पाऊण ज्यूलसुद्धा परत आला तर बस आपल्या मॉसफेटच्या कमाल मर्यादेला जाऊन भिडते. पुरवठा ३० व्होल्टच्या आसपास लॅच होत असेल तर तो विझल्यानंतरही बस चढतच राहू शकते. म्हणून ही तक्रार केवळ गैरसोय समजू नका, मॉसफेट जाण्याचा हा खरा धोका आहे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे ड्युटी एकदम न उतरवता उतार देणे, आणि बसचे व्होल्टेज २७ व्होल्टच्या वर गेले की तो उतार थांबवणे. लवकर थांबणे आवश्यक असेल तर ब्रेक रेझिस्टर लावावा. बस २७.५ व्होल्टला चालू आणि २६ व्होल्टला बंद होणारा एक मॉसफेट व १० ओहमचा रेझिस्टर सुमारे ७५ वॅट शोषतो. एकसारख्या ब्रेकबलाने १० ज्यूल ०.३ सेकंदात काढायचे तर सुरुवातीची शक्ती सरासरीच्या दुप्पट, म्हणजे ६६ वॅट येते, आणि ती यात बसते. ०.२ सेकंदात थांबवायचे झाले तर शक्ती १०० वॅटपर्यंत जाते आणि हा रेझिस्टर अपुरा पडतो. टीव्हीएस डायोडवर या कामाची भिस्त ठेवू नये. तो मायक्रोसेकंदांच्या टोकदार उसळ्यांसाठी असतो, इतके ज्यूल वारंवार पचवण्यासाठी नसतो. पुढे बॅटरी लावणार असाल तर पूर्ण भरलेल्या बॅटरीचा बीएमएस (तिचे संरक्षण करणारे सर्किट) चार्जिंग तोडतो आणि बस पुन्हा अशीच मोकळी सुटते, हेही ध्यानात असू द्यावे.

बसच्या उसळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, तो ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ब्रिजपासून किती दूर आहे? २० नॅनोहेन्री इतक्या क्षुल्लक इंडक्टन्समधून २० अँपिअर ५० नॅनोसेकंदांत तुटले तरी ८ व्होल्टची उसळी येते. प्रत्येक पायाला अगदी लगत एकेक सिरॅमिक कपॅसिटर हवाच.

प्रश्नकर्ता

कपॅसिटर ब्रिजपासून पाच सेंटिमीटरवर होता, आणि सिरॅमिक एकच होता. आता प्रत्येक पायाला २.२ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लावला आहे आणि उसळी निम्म्याहून कमी झाली. उतार देऊन पाहिला तर बस २६.८ व्होल्टच्या वर गेली नाही आणि पुरवठा एकदाही लॅच झाला नाही. तरीही आणीबाणीत लवकर थांबता यावे म्हणून ब्रेक रेझिस्टर बसवणार आहे.

तिसरा प्रकार काल पुन्हा घडला. पण या वेळी नोंद होती : मोटर प्रोग्रॅमनेच थांबवली, आणि कारण ‘हॉलची अवस्था १११’, म्हणजे तिन्ही सेन्सर एकाच वेळी १. मी अशक्य अवस्था एकदा जरी दिसली तरी सर्व गेट बंद करत होतो.

उत्तर १

१२० अंशांच्या हॉल मांडणीत ००० आणि १११ या दोन्ही अवस्था येऊच शकत नाहीत, त्यामुळे त्या दिसल्या तर एक तर तार तुटली आहे किंवा रेषेवर गोंगाट आला आहे. तार तुटली असती तर दोष प्रत्येक फेऱ्यात दिसला असता, म्हणून आपल्याकडे गोंगाट आहे असेच मी धरतो. हॉलच्या तारा फेजच्या जाड तारांबरोबर एकाच नळीतून जात असतील तर आधी त्या वेगळ्या करा आणि मोटरपर्यंत पीळ देऊन न्या. हॉलची आउटपुट ओपन-कलेक्टर असते, म्हणजे ती रेषा फक्त खाली खेचते, म्हणून मायक्रोकंट्रोलरच्या आतल्या क्षीण पुल-अपवर (रेषा वर खेचणाऱ्या रेझिस्टरवर) विसंबू नका. बाहेरून २.२ किलोओहमचा पुल-अप आणि पिनजवळ १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावल्यास सुमारे २ मायक्रोसेकंदांचा फिल्टर मिळतो. आपल्या मोटरमध्ये कमाल वेगालाही हॉलची अवस्था ८०० मायक्रोसेकंदांहून आधी बदलत नाही, तेव्हा या विलंबाने कम्युटेशनला काहीही बाधा येणार नाही. प्रोग्रॅममध्ये सलग तीन वाचने सारखी आली तरच अवस्था खरी मानावी.

फॉल्ट पिनला मात्र असा सॉफ्टवेअरचा विलंब देऊ नये. ती थेट टायमरच्या ब्रेक इनपुटला जोडावी, म्हणजे प्रोग्रॅम कुठेही अडकला असला तरी गेट हार्डवेअरमधूनच बंद होतील.

प्रश्नकर्ता

तारा खरोखरच एका नळीत होत्या. वेगळ्या केल्या, पुल-अप आणि कपॅसिटर लावले, तीन वाचनांची अट घातली आणि फॉल्ट पिन ब्रेक इनपुटला नेली. अशक्य अवस्था मोजणारा काउंटर ठेवला आहे. पूर्वी तो तासाला पंधरा-वीस दाखवत असे, काल सहा तासांच्या पूर्ण भाराच्या चाचणीत शून्यावर राहिला. ड्रेन-सोर्सची मर्यादा मॉसफेटच्या तापलेल्या रोधावरून पुन्हा काढून ०.२५ व्होल्ट केली आहे, म्हणजे गरम असताना ती ३९ अँपिअरच्या आसपास लागेल, आणि थंड असताना ६२ अँपिअरवर. हा फरक मोठा असल्यामुळे ३५ अँपिअरची अचूक मर्यादा शंट आणि कंपॅरेटरवर ठेवली आहे, आणि ड्रेन-सोर्सचे संरक्षण फक्त शॉर्टसर्किटसाठी राखले आहे.